कागदावर नसलेला ब्रेकर

रस्त्याच्या खात्यात नोकरी केलेल्या माणसाला लग्नात सुखाने जेवता येत नाही. शेजारी बसलेला पाहुणा वरण वाढून घेता घेता विचारतोच, "मॅडम, आमच्या रोडचे खड्डे कधी बुजवणार?" निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी हा प्रश्न माझा पिच्छा सोडत नाही. मी "सांगते साहेबांना" म्हणते आणि पुरीकडे वळते. खड्ड्यांची लाज आम्हालाही असते, अगदीच नसते असं नाही. मला नवल वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. इतक्या वर्षांत उंचवट्याबद्दल मला एकाही पाहुण्याने विचारलेलं नाही. खड्डा आपोआप पडतो, उंचवटा मात्र लोक भांडून मागून घेतात. गतिरोधक हे त्याचं सरकारी नाव. आमच्या नांदेड-लातूरकडे त्याला ब्रेकर म्हणतात, म्हणून मीही ब्रेकरच म्हणते. इथे एका ब्रेकरची हकिकत सांगायची आहे, कारण तो मी घातला.

माझे वडील याच खात्यात रस्त्यावर खडी पसरत. मी डिप्लोमा करून कनिष्ठ अभियंता झाले तेव्हा ते घरी म्हणाले होते, आता तू सावलीत उभी राहून खडी मोजशील. सावली काही मिळाली नाही, पण मोजायची सवय लागली ती कायमची. माझ्या पर्समध्ये लेकीच्या बारशालासुद्धा टेप होता, असं माझा नवरा विलास चारचौघांत सांगतो. विलास शाळामास्तर. त्याच्या मते मला माणसांपेक्षा अंतरं जास्त लक्षात राहतात.

तर ब्रेकर. चांगला ब्रेकर दिसायला अगदी गरीब असतो. उंची चार इंच, आणि गाडी ज्या दिशेने जाते त्या दिशेने रुंदी बारा फूट. पोळी मधे जराशी फुगावी तसा. गाडी त्याच्यावर चढते आणि उतरते, उडी मारत नाही. त्याच्या अलीकडे चाळीस मीटरवर फलक लावायचा, अंगावर पांढरे पट्टे मारायचे. आणि तो मनाला येईल तिथे घालता येत नाही, जिल्ह्याच्या समितीची मंजुरी लागते. पुस्तकात हे सगळं एका पानात मावतं. रस्त्यावर मी असे ब्रेकर फार थोडे पाहिले.

याचं कारण लोकांना चार इंच उंची अपमानाची वाटते. लातूर जिल्ह्यात निलंग्याच्या बाजूला होते तेव्हाची गोष्ट. तिथे शेजारच्या गावात आधीच कोणी तरी आठ इंची ब्रेकर घालून ठेवला होता. मी नियमाने चार इंची आखून दिला तर सरपंच रागावून आले. त्यांच्या गावाला आठ आणि आम्हाला चार, आमचं गाव काय हलकं आहे का, असा त्यांचा सवाल. मी टेप काढून समजावलं. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, तुमी टेप ठिवा आत. गावाचा मान मोजायची टेप येगळी असती." दुसरा एक हॉटेलवाला लहान लेकरांच्या जिवाची काळजी वाटते म्हणून अर्जावर अर्ज करायचा. लेकरांची शाळा तिथून अर्ध्या कोसावर. शेवटी मी विचारलंच, तेव्हा हसत म्हणाला, गाडी हळू झाली की ड्रायव्हरला भज्याचा वास येतो. त्याचा अर्ज मी नामंजूर केला, पण माणूस आवडला. पुढे त्या रस्त्याने जाताना त्याची भजी आवर्जून खायची.

अशा गमती पुष्कळ. पण त्याच टेबलावर दुसरेही कागद येत. रस्त्यावर कोणी दगावलं की पोलीस आमच्या खात्याला पत्र पाठवतात. रस्त्याची स्थिती काय होती, वळण होतं का, ब्रेकर होता का, असे प्रश्न असतात. सोबत पंचनाम्याची प्रत. माझ्या पहिल्या साहेबांनी मला त्याचं उत्तर शिकवलं होतं: 'रस्ता सरळ व सुस्थितीत आहे.' हे वाक्य मी इतक्या वेळा लिहिलं की हात आपोआप चालायचा. पंचनामे मात्र मी वाचायचे, उगीचच, कुतूहल म्हणून. मोटारसायकलच्या अपघातांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसायची. गाडीला धडक बसलेली नाही, गाडी घसरलेली नाही, चालवणाऱ्याला साधं खरचटलेलं नाही, आणि 'मागे बसलेली महिला तोल जाऊन खाली पडून' मरण पावली आहे. चालवणारा कधी नवरा, कधी भाऊ, कधी मुलगा. गुन्हा त्याच्यावरच, निष्काळजीपणाने गाडी चालवून मृत्यूस कारणीभूत झाल्याचा. बसल्या जागेवरून बाई अशी पडते कशी, असं मी एकदा ऑफिसात विचारलं. कोणी तरी म्हणालं, बायका बसतातच तशा. सगळे हसले. मीही हसले, ते आज आठवतं.

नंतर माझी बदली हिमायतनगरकडे झाली. हिमायतनगरहून इस्लापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक फाटा आहे. गावाचं नाव लिहीत नाही, लोक आता शांत झालेत. फाट्याच्या एका अंगाला वस्ती, दुसऱ्या अंगाला शाळा. पावसाळा संपत आला होता. मारोती नावाच्या शेतकऱ्याची सहावीतली मुलगी सकाळी शाळेत जायला रस्ता ओलांडत होती, आणि ट्रकखाली आली.

मी पोचले तेव्हा अकरा वाजले होते. मुलगी रस्त्याच्या मधोमध चादरीखाली होती आणि दोन्हीकडे गाड्यांच्या रांगा लागल्या होत्या. आमच्याकडची रीतच झाली आहे ती. ब्रेकर झाल्याबिगर लेकरू उचलणार नाही, असं गावाने ठरवलेलं. मंजुरीला महिने लागतात हे कोणाला सांगणार? मी साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "करून टाका, कागदाचं मग बघू." दोन किलोमीटरवर आमचं खड्डे बुजवायचं पॅचवर्क चालू होतं, तिथली डांबरी खडी ट्रॉलीत भरून आणली. मजूर पसरायला लागले. मारोती मुलीजवळ बसून प्रत्येक थर बघत होता. मी चार इंचांवर हात वर केला, तर तो तिथूनच म्हणाला, "मॅडम, गाडी थांबली पाह्यजे." एवढंच. मी अजून एक थर टाकायला सांगितला. मग गावकऱ्यांनी अजून एक सांगितला. चार वाजता ब्रेकर तयार झाला. डोळ्याच्या अंदाजाने नऊ इंच उंच आणि जेमतेम अडीच फूट रुंद. टेप पर्समध्ये होता, मी तो काढला नाही. मग त्यांनी मुलीला उचललं. आपण आज काही तरी चांगलं केलं असं मला त्या वेळी वाटलं होतं.

पांढरा रंग भांडारात नव्हता. फलकासाठी प्रस्ताव लागतो, आणि मंजूर नसलेल्या ब्रेकरसाठी फलकाचा प्रस्ताव करता येत नाही. म्हणजे रस्त्यावर ब्रेकर होता, आमच्या दप्तरात नव्हता. मात्र ट्रक तिथे थांबून जायला लागले आणि शाळेच्या पोरांना त्रास राहिला नाही, हेही खरं आहे.

दिवाळीनंतरच्या लग्नसराईत हिमायतनगरचा देविदास बायकोला आणि चार वर्षांच्या मुलीला घेऊन मोटारसायकलवरून इस्लापूरकडे निघाला. तो शिंपीकाम करायचा. सासुरवाडी तिकडची, मेहुण्याचं लग्न होतं. मुलगी पुढे टाकीवर, बायको संगीता मागे, मांडीवर आहेराची पिशवी. भर दुपारची वेळ. तो ब्रेकर त्याने पाहिलेला नव्हता, संगीतानेही नाही, कारण दिवाळीला ती एसटीने माहेरी गेली होती. ब्रेकरवरून गाडी गेली आणि संगीता मागच्या मागे पडली. नांदेडला नेईपर्यंत संपली.

आमच्याकडे पोलिसांचं पत्र आलं. मी ते दोनदा वाचलं आणि घाबरले. ब्रेकर आहे असं लिहावं तर कोणी घातला, कोणाच्या मंजुरीने, हे पुढचे प्रश्न आलेच. पंचनामा उघडला तर आणखी नवल. त्यात ब्रेकरचा उल्लेखच नव्हता. संगीता पडली ती जागा ब्रेकरपासून बरीच पुढे, एका बाभळीजवळ दाखवली होती, 'रस्ता सरळ व समतल'. खाली दोन पंचांच्या सह्या, त्यातली एक मारोतीची. पोलीस जमादार दुसऱ्या दिवशी सकाळी आले होते. तोवर रस्त्यावरच्या रक्तावर मुरूम पडलेला. गावाने दाखवली ती जागा त्यांनी लिहून घेतली. मी काय करावं? मी लिहिलं, 'कार्यालयीन अभिलेखानुसार सदर ठिकाणी कोणताही गतिरोधक मंजूर नाही. रस्ता सरळ व सुस्थितीत आहे.' साहेबांनी वाचून मान डोलावली. मसुदा छान जमलाय, म्हणाले.

महिन्याभराने देविदास ऑफिसात आला. अंगात स्वच्छ इस्त्रीचा शर्ट, हातात कागदांची प्लॅस्टिकची पिशवी. भांडायला आला असेल असं वाटून मी आधीच सावरून बसले. तो बसलासुद्धा नाही. माझ्या पत्राची प्रत त्याने टेबलावर ठेवली.

"मॅडम, मी जाऊन बघून आलो. ब्रेकर हाय तिथं. पाय ठिवून बघितला. पण ह्या कागदात न्हाई. जमादार म्हनतेत न्हाई. वकीलसाब म्हनतेत, कागदात न्हाई तर न्हाई. मंग ती पडली कशानं? लोकं मलाच बघून राहिले."

मग हळूहळू बाकीचं कळलं. त्याचा सासरा म्हणत होता की सपाट रस्त्यावर बाई आपोआप पडत नाही, जावई पिऊन असेल नाही तर दोघांचं भांडण झालं असेल. मुलीला त्याने इस्लापूरला ठेवून घेतलं होतं. कोर्टाने निर्दोष म्हटल्यावर घेऊन जा, तोवर पोरगी देणार नाही, असा निरोप होता. देविदासला खटल्याचं फारसं काही वाटत नव्हतं. त्याला मुलगी हवी होती. मी चहा मागवला. त्याने तो घेतला आणि कागद गोळा करून गेला. मी त्याला एकाही प्रश्नाचं उत्तर दिलं नाही.

त्या दिवशी माझ्या डोक्यात पंचनाम्यातलं ते जुनं कोडं पुन्हा सुरू झालं. ब्रेकरवर गाडी आदळली तर पुढचा आणि मागचा दोघंही आदळतात. मग पुढचा सुखरूप आणि मागची खाली, असं का? कागदावर आकृती काढून बघितली, जमेना. रविवारी विलासला म्हटलं, अहो, मला मोटारसायकलवरून फिरवून आणा. तो आनंदला. कुठे, म्हणून विचारलं, आणि मी फाट्याचं नाव सांगितल्यावर त्याचा चेहरा पडला.

मी साइटवर पंजाबी ड्रेस घालायचे आणि स्कूटी स्वतः चालवायचे. साडी नेसून, दोन्ही पाय एका बाजूला टाकून मागे बसल्याला मला वीस वर्षं झाली असतील. मुद्दाम नेसले. मांडीवर पिशवी घेतली. विलासने हेल्मेटशिवाय न्यायला साफ नकार दिला, म्हणून साडीवर हेल्मेट. फाट्यावरची माणसं कामधंदा सोडून बघत होती.

तिथे पोचल्यावर आधी जे दिसलं त्याने मीच खजील झाले. गावातली एक मोटारसायकल आली, ब्रेकरच्या अलीकडे थांबली, मागची बाई उतरली, ब्रेकर चालत ओलांडला आणि पलीकडे जाऊन पुन्हा बसली. पाच मिनिटांनी दुसरी, तीही तशीच. मी त्या रस्त्याने जीपमधून कितीदा गेले होते. बायका चालताना दिसायच्या, शेताला चालल्या असतील असं समजायचे. एकीला विचारलं तर म्हणाली, आम्ही सगळ्या उतरतो, पहिल्या आठवड्यातच दोघी-तिघींची कंबर मोडता मोडता वाचली होती. मग कोणाला सांगितलं का नाही? "इचारलं कोनी?" ती म्हणाली आणि गेली.

मग मी बसले. विलासला सांगितलं, सायकलच्या वेगाने घ्या, थोडा जास्त. पहिल्या वेळी ब्रेकर येणार हे ठाऊक असल्याने मी त्याला घट्ट धरलं आणि काही कळलं नाही. दुसऱ्या वेळी ठरवून शेताकडे बघत राहिले आणि कपाशीच्या ओळी मोजायला लागले. तेव्हा पहिली गोष्ट कळली. एका बाजूला बसलेल्या बाईला पुढचा रस्ता दिसतच नाही. समोर नवऱ्याची पाठ, आणि नजर शेतात. तिसऱ्या वेळी दुसरी गोष्ट कळली. पुढचं चाक चढतं तेव्हा हादरा चालवणाऱ्याला बसतो. तो आधीच सावध असतो, पायावर थोडा उठतो. पुढचं चाक उतरलं की त्याला वाटतं, गेला ब्रेकर, आणि तो गाडीला थोडी गती देतो. मागचं चाक त्याच वेळी चढत असतं, आणि मागची बाई बसलेली असते बरोबर त्या चाकावर. रेक्झिनवर साडी निसटते, टेकायला एकाच पायाला जागा, एक हात पिशवीला. गाडी पुढे सरकते आणि बाई वर उडते. चौथ्या वेळी मी विलासला धरलंच नाही, फक्त सीटची कड धरली. सीट सुटल्यापासून पुन्हा सीटवर येईपर्यंत मला त्याची कॉलर, खालची डांबराची काळी कड, बाजूचा एक चपटा दगड, सगळं स्वच्छ दिसलं. मग जोरात बसले. विलासने गाडी बाजूला घेतली आणि आता पुरे म्हणाला.  

दोन दिवसांनी मजूर आणि खोदायची हत्यारं पुढे पाठवून मी फाट्यावर गेले. मनात होतं की हा उकरायचा आणि मापाचा घालायचा, मंजुरीचं बघून घेऊ. विलासच्या शाळेला सुट्टी होती. साहेबांची परवानगी नव्हती, म्हणून सरकारी जीप न घेता त्याच्याच गाडीवर गेले. मारोती येऊन ब्रेकरवर बसला. बाकीचे मागे उभे.

"ह्येला हात लावायचा न्हाई. माह्या लेकीचा हाय ह्यो."

मी समजावलं की तो काढून टाकणार नाही, रुंद आणि बुटका करणार आहे, गाड्या तरीही हळूच होतील. त्याचा विश्वास बसेना. सरकारने एकदा उकरलं की पुन्हा भरत नाही, हे तो अनुभवाने बोलत होता, आणि त्यात चूक नव्हती. मी संगीताचं नाव काढलं. तो खाली बघत म्हणाला, बाया नीट धरून बसत नाहीत, त्याला ब्रेकर काय करणार? त्याचं बोलणं ऐकून मला राग आला. आमच्या ऑफिसातला तो जुना विनोदच होता हा, आणि त्याला मीही हसले होते. मी म्हटलं, मारोतराव, मग तुम्ही बसून दाखवा. असं नाही, दोन्ही पाय एका बाजूला टाकून.

गर्दीत हशा पिकला. मारोती उठेना. मागून एक म्हातारी म्हणाली, "बस की बाबा. आमी रोज बसताव." मग तो उठला. विलासच्या मागे, पायजमा सावरत, एका अंगाने बसला. दुकानातून पाच किलो ज्वारीची पिशवी आणली आणि मी ती त्याच्या मांडीवर दिली. लेकरू समजा, म्हटलं. "पदर बी घ्या की," असं कोणी तरी म्हणालं आणि पुन्हा हसणं झालं. विलासने लांबून वळसा घेतला आणि त्याच सायकलच्या वेगाने गाडी आणली.

मारोती पडला नाही, त्याने विलासच्या शर्टाची मूठ धरली. पिशवी मात्र मांडीवरून उडाली, रस्त्यावर आपटली आणि फुटली. दाणे डांबरावर दूरपर्यंत गेले. हसणं थांबलं.

मारोती उतरला आणि दाणे गोळा करायला बसला. राहू द्या म्हटलं तरी ऐकेना. बराच वेळ एकेक चिमूट उचलत होता. मग मान वर न करता म्हणाला, "पंचनाम्यात बाभूळ म्याच दावली, मॅडम. ब्रेकर नेतील म्हून. ती बाई इथंच पडली. इथं, माह्यापुढं." मी त्याच्याजवळ बसले आणि म्हटलं, मीही तेच केलं, फक्त शुद्ध भाषेत. त्याला ते समजलं की नाही कोण जाणे. पण मजुरांना त्याने उकरू दिलं नाही. आधी नव्या ब्रेकरचा कागद येऊ द्या, म्हणाला, मग उकरा. तेही बरोबरच होतं.

मग मी कागद केला, मंजुरीसाठी प्रस्ताव पाठवला. पोलिसांना दुसरं पत्र लिहिलं की त्या ठिकाणी ब्रेकर आहे, तो मी स्वतः लेखी मंजुरीशिवाय घालून घेतला, तो नियमापेक्षा उंच आणि अरुंद आहे, त्यावर पट्टे नाहीत, आधी फलक नाही. टेपने मोजून आकडे दिले. नऊ इंच नव्हता, सव्वानऊ भरला. साहेबांनी पत्र वाचलं आणि फार दुखावलेल्या आवाजात म्हणाले, "अहो, इतकं चांगलं उत्तर दिलं होतं तुम्ही आधी." तो तोंडी आदेश आपण दिल्याचं त्यांना आठवत नव्हतं. मला नोटीस आली, चौकशी झाली, सक्त ताकीद मिळाली. मारोतीने जमादारांकडे जाऊन जबाब बदलून दिला. त्यासाठी त्याला दोन वेळा परत पाठवलं गेलं, तो तिसऱ्यांदा गेला. मंजुरी यायला पाच महिने लागले. मग त्याच जागी बारा फुटी, चार इंची ब्रेकर झाला. काम चालू होतं तेव्हा मारोती माझ्या हातातला टेप घेऊन स्वतः मोजत होता. आता तिथे बायका उतरत नाहीत.

खटला दोन वर्षं चालला. मी साक्ष दिली, मारोतीने दिली. ब्रेकर कोणी घातला, असं देविदासच्या वकिलाने विचारलं तेव्हा मी "मी" म्हटलं. निकालाच्या दिवशी मला जायची गरज नव्हती, तरी गेले. देविदास सुटला.

बाहेर बसस्टँडवर तो भेटला. इस्लापूरची गाडी यायची होती, मुलीला आणायला चालला होता. हातात पिशवी, त्यात नवा फ्रॉक. स्वतः शिवलेला. दोन वर्षांत किती वाढली असेल याचा अंदाज धरून शिवलाय, लहान झाला तर खालची दुमड उसवता येईल, असं त्याने सांगितलं. आभार मानले नाहीत, आणि मला ते हवेही नव्हते.  मग तो म्हणाला,

"मारोतराव सांगत व्हते, तुमी बसून बघितलं म्हनं मागच्या सीटवर."

हो, म्हटलं.

"पोरगी फोनवर एकच इचारती. आई भेली होती का म्हून. मला तर पाठ होती, काई दिसलं न्हाई. तुमीच सांगा. भेली असंल का?"

"नाही," मी म्हटलं. "भ्यायला वेळच मिळत नाही."

 मग तसंच सांगतो तिला, म्हणाला. गाडी आली. फ्रॉक चुरगळू नये म्हणून पिशवी छातीशी धरून तो चढला.

पोलिसांना पाठवलेल्या माझ्या पहिल्या पत्रातलं ब्रेकरबद्दलचं वाक्य शब्दन्‌शब्द खरं होतं, आणि त्याची मला अजून लाज वाटते. देविदासशी मी धडधडीत खोटं बोलले, त्याची वाटत नाही. त्या सीटवर मी चार वेळा बसले होते. वेळ मिळतो.